मित्राला मोठी रक्कम उसनी देण्याआधी: पहिल्या फोनपासून ‘भरून पावलो’पर्यंत

‘अरे, पाच-सहा लाखांची नड आहे, वर्षभरात देतो,’ असा फोन आला की बहुतेकांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळते: आता नाही कसं म्हणायचं? भीड पडते आणि दोन दिवसांत पैसे जातात. नंतर कळतं की मित्राचा पगार किती, त्याच्यावर आधीचं कर्ज किती, हे विचारलंच नव्हतं. कागदही केलेला नसतो. पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम हातउसनी देणाऱ्यांसाठी ही वाट क्रमाने मांडली आहे. कायद्याचे तपशील महाराष्ट्रात राहणाऱ्या दोन व्यक्तींमधल्या व्यवहाराचे आहेत. दोघांपैकी एक जण परदेशात राहत असेल तर फेमा (परकीय चलनाच्या व्यवहारांचा) कायद्याचे नियम लागतात, तिथे आधी सीएला विचारा.

१. फोनवर होकार देऊ नका

मागणी व्हॉट्सअॅप किंवा फेसबुकच्या मेसेजवर आली असेल तर तुमच्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर फोन लावून मित्राशी प्रत्यक्ष बोला. हॅक झालेल्या खात्यावरून ‘अर्जंट पाठव’ असे मेसेज येतात. त्यात पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मागणारा मित्रच असेल तर एवढंच म्हणा, ‘घरी बोलतो, रविवारी सांगतो.’ नवऱ्याला किंवा बायकोला अंधारात ठेवून मोठी रक्कम देऊ नका. आजच्या आज हवेत असं मित्र म्हणत असेल आणि कारण दवाखान्याचं नसेल, तर घाई कुणाची आहे ते विचारा. बऱ्याचदा मागे दुसरा सावकार तगादा लावून बसलेला असतो. मग तुमचे पैसे जुनं कर्ज फेडायला जातात आणि मित्र होता तिथेच राहतो.

२. पैसे परत कुठून येणार?

पैसे कशाला हवेत, हे सगळे विचारतात. परत कशातून येणार, हे फार थोडे विचारतात. निर्णय मात्र या दुसऱ्या प्रश्नावर करायचा असतो.

मित्राला समोर बसवा आणि कागदावर आकडे मांडा. समजा, हातात येणारा पगार ५८,००० आहे. घरभाडं १४,०००, घरखर्च १८,०००, मुलांची फी महिन्याला ५,००० आणि चालू कर्जांचे हप्ते १२,५००. खर्चाची बेरीज ४९,५००, हातात उरतात ८,५००. सहा लाख वर्षात फेडायचे तर महिन्याला ५०,००० लागतील. उरलेले सगळेच्या सगळे ८,५०० दिले, तरी जवळपास सहा वर्षं लागतील. म्हणजे ‘वर्षभरात देतो’ हे पगाराच्या जोरावर शक्य नाही. तो खोटं बोलत असेल असं नाही, बहुधा त्याने ही वजाबाकी केलेलीच नसते. ती दोघांनी मिळून केली की बोलणं खूप सोपं होतं.

पगाराबाहेरचा पैसा येणार असेल तर तो किती पक्का आहे ते पाहा:

- ‘प्लॉट विकून देतो’: गिऱ्हाईक ठरलंय का, इसारपावती झालीय का, सातबाऱ्यावर सगळ्या भावा-बहिणींची नावं आहेत का? वाटणी न झालेल्या जमिनीची विक्री वर्षानुवर्षं रखडते.
- ‘सरकारी बिल निघालं की देतो’: काम पूर्ण होऊन एमबीत (सरकारी मोजमाप वहीत) मोजमाप चढलंय, की हातात नुसती वर्कऑर्डर आहे? या दोन टप्प्यांत महिन्यांचं अंतर असतं.
- ‘उसाचं बिल आलं की’: कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. पण त्या कारखान्याने गेल्या हंगामाचं बिल कधी दिलं, ते विचारा. शिवाय सोसायटीचं पीककर्ज त्या बिलातून आधी वळतं होतं, म्हणून हातात किती येणार तेही विचारा.
- ‘भिशी लागली की’: कितवा नंबर आहे आणि आधीच उचलली तर नाही ना?
- ‘धंदा चालला की’: याला परतफेडीचा मार्ग समजू नका. ही भागीदारीची जोखीम आहे, फक्त नफ्यात वाटा न घेता तुम्ही ती उचलताय.

३. बँक का देत नाही?

तुमच्याकडे येण्याआधी मित्राने कुठे कुठे विचारलं, हे मोकळेपणाने विचारा. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्ज एका दिवसात मिळतं. एफडी असेल तर ती न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं. जुन्या एलआयसी पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या प्रमाणात मिळतं. पीएफ कापला जात असेल तर आजारपण, लग्न, शिक्षण, घर अशा कारणांसाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते. कित्येकांना हे माहीत नसतं, आणि त्याच्यासोबत बसून तो अर्ज भरून देणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

सोनं असूनही ‘ते मोडायचं नाही, आईचं आहे’ असं उत्तर आलं तर थांबून विचार करा. त्याची ठेव सुरक्षित राहणार आणि धोका तुमच्या ठेवीला, असा तो सौदा होतो.

४. ‘पैसे नको, फक्त जामीन राहा’

रक्कम द्यायला नाही म्हटलं की मागणी रूप बदलून परत येते. ‘पतसंस्थेत फक्त सही कर’, ‘तुझ्या नावावर पर्सनल लोन काढ, हप्ते मी भरतो’, ‘तुझ्या क्रेडिट कार्डवर घेऊ’. हे तिन्ही प्रकार थेट पैसे देण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहेत.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था आधी त्याच्याकडे वसुली करून मगच तुमच्याकडे येईल, असं गृहीत धरू नका. ज्याला पगार आहे त्याच्याकडे ती आधी वळते. तुमच्या नावावर काढलेलं कर्ज तर कायद्याने तुमचंच आहे. मित्राने हप्ता चुकवला की सिबिल तुमचा खराब होतो आणि पुढे स्वतःच्या घराचं कर्ज अडतं.

५. तपासून पाहा

मित्राची चौकशी करायला लाज वाटते, पण पुढचे तीन कागद तो स्वतः सहज देऊ शकतो.

क्रेडिट रिपोर्ट: सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा प्रत्येकाला त्याचा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. मित्राला तो काढून दाखवायला सांगा. स्कोअरचा आकडा बघून थांबू नका, खाली चालू खाती आणि थकलेल्या दिवसांचे रकाने असतात ते वाचा. अॅपवरून घेतलेली पाच-सहा छोटी कर्जं एकाच वेळी चालू दिसली तर नड सांगितली त्याहून खोल आहे. हातउसने घेतलेले पैसे मात्र या रिपोर्टात दिसत नाहीत. ‘आणखी कुणाकडून घेतलेत?’ हे तोंडीच विचारावं लागतं.

सातबारा: जमिनीच्या भरवशावर बोलणं चाललं असेल तर महाभूलेखवर उतारा पाहा. ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलेला असतो.

कोर्टातले दावे: ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. चेक न वटल्याचे खटले नावावर दिसले तर पुढचं बोलणं त्याच विषयापासून सुरू करा. सारख्या नावाची दुसरी व्यक्तीही असू शकते, म्हणून आरोप न करता विचारा.

६. तुमची मर्यादा ठरवा

सहा महिन्यांचा घरखर्च, येत्या दोन वर्षांतली ठरलेली कामं (फी, ऑपरेशन, घराचा हप्ता) आणि विम्याचे हप्ते आधी बाजूला काढा. उरलेल्यातून अशी रक्कम निवडा, जी परत आलीच नाही तर घर चालेल आणि मित्राच्या घरी जेवायलाही जाता येईल. ती रक्कम दीड लाख निघाली तर तुमची मर्यादा दीड लाखच, मग मागणी सहा लाखांची असो. एफडी मोडावी लागणार असेल तर मुदतीआधी मोडल्याचा तोटा, साधारण अर्धा ते एक टक्का, तोही हिशेबात धरा.

७. नाही म्हणायचं असेल तर

लवकर आणि एका वाक्यात सांगा. ‘सध्या जमत नाही, बघू पुढच्या महिन्यात’ असं म्हणू नका. मित्र त्या महिन्यावर विसंबून राहतो आणि दुसरी सोय करायची थांबतो. ‘अरे, एवढी रक्कम उसनी द्यायची नाही असं आमचं घरात ठरलंय. पण दवाखान्याचं तीस हजारांचं बिल मी भरतो, ते परत नको,’ असं सांगता येतं. परत न मागता दिलेली छोटी रक्कम कित्येकदा मोठ्या उसनवारीपेक्षा जास्त उपयोगी पडते. मूळ अडचण दवाखान्याचा खर्च असेल तर धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांची चौकशी त्याच्यासाठी करून द्या.

८. द्यायचं ठरलं: कागद

आधी जमवा: दोघांच्या पॅन आणि आधारच्या प्रती, मित्राच्या खात्याचा रद्द केलेला चेक, दोन साक्षीदार, एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट (पोस्टात मिळतं), करारासाठी स्टॅम्पपेपर आणि मित्राचे हप्त्यांचे चेक.

मुख्य कागद वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट. मजकूर एवढाच पुरे:

‘ठिकाण सातारा, दिनांक १० जून २०२६. मी (पूर्ण नाव, वय, पत्ता) आपणांस (तुमचं पूर्ण नाव, पत्ता) किंवा आपण आदेश द्याल त्यास, मागणी करताच रुपये ६,००,००० (अक्षरी रुपये सहा लाख फक्त) दरसाल दरशेकडा ७ दराने व्याजासह देण्याचे वचन देतो. सदर रक्कम मला आपल्या बँक खात्यातून आज रोजी मिळाली आहे.’

यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला कारण आहे:

- ‘मागणी करताच’ हे शब्द गाळून ‘३१ मार्च २०२७ रोजी देईन’ असं लिहिलं की ती मुदतीची नोट होते. तिला रकमेच्या प्रमाणात मुद्रांक लागतो, एक रुपयाचं तिकीट पुरत नाही.
- ‘प्लॉट विकला की देईन’ अशी अट घातली तर ती वचनचिठ्ठीच राहत नाही. वचन बिनशर्त हवं.
- ‘किंवा आपण आदेश द्याल त्यास’ हे शब्द नसताना साक्षीदाराची सही घेतली, तर मुद्रांक कायद्याच्या दृष्टीने तो कागद बंधपत्र (बाँड) ठरू शकतो आणि शुल्क वाढतं. ‘जो कोणी ही चिठ्ठी घेऊन येईल त्यास’ असं मात्र कधीच लिहू नका. धारकाला देय असलेली वचनचिठ्ठी रिझर्व्ह बँक कायद्याने खाजगी व्यक्तीला काढता येत नाही.
- तिकीट चिकटवून सही निम्मी तिकिटावर, निम्मी कागदावर येईल अशी घ्या. तिकीट नसलेली वचनचिठ्ठी कोर्टात पुरावा म्हणून घेतली जात नाही, आणि इतर कागदांसारखा दंड भरून हा दोष नंतर दुरुस्तही करता येत नाही. इतका छोटा कागद इतक्या छोट्या कारणाने वाया जातो, म्हणून इथे डोळ्यांत तेल घालून पाहा.

हप्ते, तारखा, हप्ता चुकल्यास काय, हे सगळं वेगळ्या करारात लिहा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प किमान झाला आहे. मोठ्या रकमेवर शुल्क त्याहून जास्त बसू शकतं, तेवढं वकिलाकडून तपासून घ्या. शक्य असेल तर मित्राच्या पत्नीची किंवा पतीची सही सहकर्जदार म्हणून घ्या. निदान त्या घरात या कर्जाची माहिती तरी होते.

सुरक्षिततेसाठी जमिनीचं खरेदीखत करून घेऊ नका. ‘पैसे फेडले की परत फिरवून देतो’ असे व्यवहार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सावकारीचे ठरले तर जिल्हा उपनिबंधक ते अवैध ठरवून जमीन परत देऊ शकतात. एका मित्राला एकदा दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे. पण अनेकांना वारंवार व्याजाने पैसे देऊ लागलात तर परवाना लागतो.

९. पैसे पाठवताना

रोख देऊ नका. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. १९६१ च्या कायद्यात हे कलम २६९एसएस होतं, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ही मर्यादा आहे. दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या मित्राला, घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. पंधरा-पंधरा हजारांचे तुकडे करूनही सुटका नाही, आधीची बाकी धरून मर्यादा मोजतात. परतफेडही रोखीने घेऊ नका, तिच्यासाठीही असाच नियम आहे.

आदल्या दिवशी मित्राचं खातं बेनिफिशियरी म्हणून जोडा. नव्या खात्यावर पहिल्या चोवीस तासांत अनेक बँका कमी मर्यादा ठेवतात. एक रुपया पाठवून नाव जुळतंय का पाहा. मग सह्यांच्या वेळी समोरासमोर एनईएफटी किंवा आरटीजीएस करा (आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे चालतं). रिमार्कमध्ये ‘हातउसने कर्ज’ लिहा आणि यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) करारावर उतरवा. कर्ज असल्याची नोंद कुठेच नसेल तर मित्राच्या हाती ती रक्कम भेट धरली जाण्याचा धोका असतो. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,००० हून जास्त भेट मिळाली तर तिच्यावर कर लागतो.

दोन चुका नेहमी होतात. पैसे बायकोच्या खात्यातून जातात आणि चिठ्ठी नवऱ्याच्या नावावर होते. किंवा मित्र म्हणतो म्हणून रक्कम थेट त्याच्या डीलरच्या खात्यात टाकली जाते. देणाऱ्याचं खातं, घेणाऱ्याचं खातं आणि कागदावरची नावं एकच हवीत. तुम्हाला मिळणारं व्याज ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ म्हणून विवरणपत्रात दाखवा. एवढी रक्कम तुमच्याकडे होती कुठून, हा प्रश्न कोर्टात हमखास विचारला जातो, म्हणून त्या काळाचं बँक स्टेटमेंट आणि विवरणपत्रं जपून ठेवा.

१०. तीन वर्षांची तारीख

मैत्रीतली सगळ्यात जास्त कर्जं इथे बुडतात. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ‘मागणी करताच’ देय असलेल्या चिठ्ठीवर ही तीन वर्षं चिठ्ठीच्या तारखेपासून धावू लागतात, तुम्ही पैसे मागितले त्या दिवसापासून नाही. १० जून २०२६ ची चिठ्ठी असेल तर १० जून २०२९ ही शेवटची तारीख. तोवर मित्र दर दिवाळीला ‘देतो रे’ म्हणत राहिला आणि तुम्ही भिडेखातर गप्प बसलात, तर हक्क निघून जातो.

उपाय सोपा आहे. मुदत संपायच्या आत, शक्यतो दर वर्षी, मित्राकडून सही-तारखेसह एक पत्र घ्या: ‘१० जून २०२६ रोजी घेतलेल्या रकमेपैकी आजअखेर रुपये ४,२०,००० मुद्दल येणे बाकी आहे, हे मला मान्य आहे.’ त्या सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदत उलटल्यावर घेतलेल्या अशा नुसत्या कबुलीचा उपयोग नाही. तेव्हा ‘मी ही रक्कम देईन’ असं नवं लेखी वचन सहीनिशी लागतं.

फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन वर्षं नऊ महिन्यांवर आठवण लावा. मूळ चिठ्ठी कुठे ठेवली आहे ते घरात एकाला तरी सांगा. तुमच्या माघारी तिची गरज पडू शकते. मित्रच गेला तर त्याच्या वारसांकडून त्यांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच वसुली होते.

११. हप्ता चुकला तर

पहिल्या चुकीला आठवड्याच्या आत फोन करा. अडचण खरी असेल तर हप्ता कमी करून घ्या आणि तेवढा बदल लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. ते पुरावा म्हणून द्यायचं झालं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोनही जवळ असलेला बरा.

चेक घेतले असतील तर तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरा. न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ ची (चेक न वटण्याच्या गुन्ह्याची) तक्रार दाखल करा, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. मध्येच काही रक्कम परत आली असेल तर पूर्ण रकमेचा जुना चेक तसाच भरू नका. मिळालेल्या रकमेची चेकवर नोंद करा किंवा बाकीचा नवा चेक घ्या. ही नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक भरला तर कलम १३८ लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे.

पोलिसांत जाऊन फारसं काही होत नाही. पैसे न फेडणं हा दिवाणी वाद आहे, सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दाखवता आला तरच गुन्हा होतो. वचनचिठ्ठी हातात असेल तर समरी सूटचा (झटपट चालवल्या जाणाऱ्या दिवाणी दाव्याचा) मार्ग आहे, त्यात मित्राला बचाव मांडायला कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत बसता येतं. मैत्री थोडी जरी शिल्लक असेल तरी आधी तिथेच जा.

१२. फिटल्यावर

शेवटचा हप्ता खात्यात दिसला की मित्राला बोलवा. मूळ वचनचिठ्ठीवर आडवं लिहा: ‘मुद्दल व व्याजासह संपूर्ण रक्कम भरून पावलो,’ खाली तारीख आणि सही. तिचा फोटो काढून ठेवा आणि मूळ चिठ्ठी, न वापरलेले सगळे चेक आणि कराराची प्रत त्याच्या हातात द्या. चेकचे नंबर करारातल्या यादीशी जुळवून मगच पाकीट बंद करा.